चार बाह्यांचा ब्लाऊज

मास्तरांनी आयुष्यात एकही कपडा वेळेवर दिला नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. एक देत असत. वर्षातून एकदा, परीक्षा सुरू व्हायच्या आत, दुकानासमोरच्या मंदिरातल्या सरस्वतीचा ब्लाऊज. बाकी सगळ्या बायकांना एकच उत्तर: "उद्या नक्की."

हे "उद्या नक्की" मास्तर इतक्या मनापासून म्हणत, की ऐकणाऱ्या बाईला आज येऊन आपणच काहीतरी आगाऊपणा केला असं वाटायचं. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, बोटांना खडू आणि चेहऱ्यावर असा भाव, की बाई, तुमचाच कपडा आता हातात घेणार होतो, तेवढ्यात तुम्ही आलात. त्यातूनही एखादी खमकी निघाली आणि भांडायला उभी राहिली, तर मास्तर टाचण्या ओठांतून काढत, मान समोरच्या कळसाकडे वळवत आणि हळू आवाजात म्हणत, "देवीचं काम चालू आहे." यावर कोण काय बोलणार? समोरच्या घरातल्या वकिलीणबाई तेवढ्या एकदा बोलल्या. "मास्तर, तुमच्या म्हणण्याप्रमाणे देवीला आतापर्यंत कपाट पुरलं नसतं. मग ती वर्षभर त्याच एका पिवळ्यात कशी बसलेली असते?"

"नाजूक काम असतं हो," मास्तर म्हणाले, आणि वकिलीणबाईंचा कपडा गठ्ठ्यात आणखी दोन थर खाली सरकवला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणातले. पण परीक्षेच्या दिवसांत मंदिराबाहेर पेनं आणि हॉल तिकिटं घेतलेली पोरं आणि त्यांचे घाबरलेले आईबाप यांची रांग लागे, आणि त्यातलं कुणी 'मास्तर' ही हाक ऐकून लगबगीने यांच्या पाया पडे. मास्तर कसलाही खुलासा करत नसत. "यशस्वी हो," म्हणत आणि पुन्हा मशीनवर बसत. पास झालेल्यांपैकी काही जण नंतर येऊन त्यांचे आभारही मानून जात.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. ज्याची उंची बेताची त्याने उभं राहावं, बाकीच्यांनी वाकून आपला कपडा मागावा. मागच्या दारातून आत गेलं की दोन खोल्यांचं घर. मधल्या उंबऱ्यावर मास्तरांची बायको हूक, काजं आणि तुरपाई करत बसलेली असे. म्हणजे मास्तर दुकानात, संसार घरात आणि बाई दोन्हीकडे.

तर देवीचा ब्लाऊज. देवीला हात चार. दोन हातांत वीणा, एकात पुस्तक, एकात माळ, आणि सगळं एकाच संगमरवरात कोरलेलं. वीणा बाजूला ठेवून "हात वर करा" असं तिला सांगता येत नाही. मास्तर तरुण होते तेव्हा देवीला नुसती साडी गुंडाळत. मास्तरांनी एक अशी शिवण काढली, की बाह्या खालच्या अंगाने सबंध उघड्या, पाठ उघडी, आणि सगळीकडे हूक. पुढून लावायचा, चारही हातांभोवती बाह्या गुंडाळायच्या आणि हूक लावत जायचे. एकेका खांद्याला दोन-दोन बाह्या अशा बसवल्या होत्या, की दुसऱ्या शिंप्याने नुसतं बघून कात्री खाली ठेवली असती. खरंच एका शिंप्याने ठेवली होती. ती गोष्ट मास्तर रोज कुणाला तरी सांगत.

पण मास्तरांचा खरा डौल होता तो मापाचा. देवीला टेप लावायचा नाही, हा थोरल्या गुरुजींचा दंडक. ते गेले, त्यांचे चिरंजीव गुरुजी झाले, पण दंडक कायम राहिला. "मला टेप लागत नाही," मास्तर म्हणत. "एकदा बघितलं की माप नजरेत बसतं. ना कागदाचा फर्मा, ना आकडा." लोक तोंडात बोट घालत.

आता खरं काय ते आपल्यापुरतं. पहिल्या वर्षी मास्तर मंदिरात तासन्‌तास देवीकडे बघत बसले होते, आणि नजरेत माप सोडून सगळं बसत होतं. पोरगा फार भाविक निघाला, असं लोक म्हणायला लागले. मास्तर मात्र रडकुंडीला आलेले. लग्न नुकतंच झालेलं. त्याच दिवसांत एका सकाळी बायकोने दोरीवर ओलं धुणं टाकायला हात वर केला, आणि चहाचा कप हातात धरून बसलेले मास्तर उडालेच. हाच तो हात! हीच गोलाई, हाच कोपर, दंडावर हाच भराव!

त्या दिवसापासून दर वर्षी परीक्षा जवळ आल्या, की मास्तर चहाच्या वेळी खिशातून लेसचा तुकडा काढत, "जरा हात दे गं, चुण्या कशा पडतात बघतो," म्हणत, तो बायकोच्या दंडाभोवती गुंडाळत, गाठ मारत आणि त्या गाठीवर सरस्वतीच्या बाह्या कापत. बायकोला पत्ता नाही. वर्षं गेली, बायको संसारात जरा सुखावली, अंगाने भरली, तसतसा देवीचा ब्लाऊजही सैल होत गेला. "मास्तर, दंडात ढगळ वाटतो," असं गुरुजी म्हणाले, तर "हल्ली तशीच फॅशन आहे," हे उत्तर तयार होतं. ढगळपणा साडीच्या पदराखाली खपून जायचा. देवी तक्रार करणारी नव्हती. मास्तरांची ती एकमेव तशी गिऱ्हाईक.

यंदा परीक्षा सोमवारी सुरू व्हायच्या होत्या. गुरुवारी मास्तर नवा केशरी ब्लाऊज घेऊन मंदिरात गेले. नेहमीप्रमाणे गाभाऱ्याचा पडदा ओढला गेला, गुरुजी आत, मास्तर बाहेर पाटावर. गुरुजी आरतीच्या कामात तरबेज, पण हुकाच्या कामात त्यांचं घोडं दर वर्षी पेंड खायचं. म्हणून मास्तर बाहेरून सूचना देत.

"आधी मागचा उजवा हात, गुरुजी!"

"देवीचा उजवा की माझा उजवा?"

"देवीचा! तुम्हाला कशाला ब्लाऊज घालू मी?"

पडद्याआडून धापा टाकण्याचा आवाज. मग, "हूक लागत नाही."

"श्वास सोडा आणि लावा."

"कुणी श्वास सोडू? ती दगडाची आहे!"

"तुम्ही हो, तुम्ही!"

गुरुजींनी श्वास सोडला. हूक तरीही लागला नाही. "दोन बोटं कमी पडतंय, मास्तर."

"कुठल्या हाताला?"

"चारही!"

सैल झाला असता तर फॅशन होती. घट्ट झालेल्या ब्लाऊजला मास्तरांकडे फक्त एकच उत्तर होतं, आणि ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला ते देत आलेले होते. सवयीने तोंडातून निघून गेलं.

"गुरुजी, रागावू नका हं. देवी जरा भरली आहे."

हे वाक्य पडद्याआड गेलं, तिथून गुरुजींच्या आरोळीसकट बाहेर आलं, रांगेतल्या पोरांनी ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत घरोघर पोचलं. पोरांनी त्याचा अर्थ लावला, की देवी भरली म्हणजे यंदा पेपर सोपे. वकिलीणबाई म्हणाल्या, "चला, मला वाटलं आपल्यालाच सांगतात." आणि उंबऱ्यावर तुरपाई करत बसलेली मास्तरांची बायको म्हणाली, "अहो, नैवेद्य दाखवायचा देवीला आणि जायचा गुरुजींच्या पोटात. मग भरायला हवं कुणी?"

शुक्रवारी सकाळी गुरुजी दुकानात आले. वाकून यावं लागल्यामुळे राग निम्मा वाया गेला.

"देवी संगमरवराची आहे, मास्तर!"

"लाकूड नाही का फुगत दमट हवेत?"

"ती संगमरवराची आहे!"

"मी कुठे नाही म्हणतो? मी आपलं उदाहरण दिलं."

गुरुजींनी आवाज खाली आणला. रागापेक्षा ते वाईट होतं. "हे बघा. विश्वस्त म्हणतायत, यापुढे नाक्यावरच्या बुटीकवालीला सांगा. तिच्याकडे कॉम्प्युटरवरचं मशीन आहे. मी म्हटलं, मास्तरांचा हात आहे, थांबा. पण सोमवारी सकाळी रांग लागायच्या आत देवीच्या अंगावर मापाचा ब्लाऊज नसेल, तर माझ्याने पुढे बोलवणार नाही."

देवीचं काम हातातून जाणं म्हणजे काय, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. आजवर ते देवीचे शिंपी होते, म्हणून उशीर व्हायचा. उद्या ते नुसतेच उशिरा देणारे शिंपी राहिले असते. आणि बुटीकवालीने फर्मा काढून ठेवला, की त्यांची जगप्रसिद्ध नजर गठ्ठ्याखाली गेली म्हणून समजा.

"मला गेल्या वर्षीचा ब्लाऊज द्या," ते म्हणाले. "पुरावा दाखवतो. माप तेच आहे. बदलली असेल तर ती."

दुपारी गिऱ्हाईक नसताना मास्तरांनी दोन्ही ब्लाऊज टेबलावर पसरले. हाताने चाचपले आणि गोंधळले. नवा लहान होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण कापला तर लेसच्या गाठीवरच! म्हणजे गाठ मारताना हात चुकला? छे. हात चुकणं त्यांना मुळातच मान्य नव्हतं. खात्री करायला मापाचा मूळ नमुना घरातच होता. तो उंबऱ्यावर बसून सुईत दोरा ओवत होता आणि तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या तोंडाला लावत होता.

"जरा हात दे गं."

"पुन्हा चुण्या? परवाच झाल्या ना?"

मास्तरांनी ओठांत टाचण्या धरल्या. गेल्या वर्षीची पिवळी बाही तिच्या दंडाभोवती गुंडाळली आणि हूक लावले. बाही दंडावरून घसरली आणि कोपरापाशी येऊन लोंबायला लागली. मास्तरांनी आत बोटं घातली. मग पंजा घातला. पंजा आरामात गेला. त्यांनी ती काढली आणि नवी केशरी बाही चढवली. ती चपखल बसली, जशी काही तिच्यासाठीच कापलेली.

मास्तरांनी एकेक टाचणी ओठांतून काढली आणि उशीला टोचली. मग त्यांनी टेप न लावता, खरंच नुसत्या नजरेने, बायकोकडे बघितलं. गळ्याची हाडं वर आलेली. तिचा स्वतःचा ब्लाऊज पाठीत सेफ्टी पिनने आवळून धरलेला. पिनही एक नव्हे, खाली दुसरी.

"अगं, तू एवढी कधी..."

"एवढी काय?"

"एवढी बारीक कधी झालीस?"

"झाले आपली हळूहळू," ती म्हणाली. "मला वाटलं, रोज मापं घेणाऱ्या माणसाला न सांगता दिसेल." मग तिचं लक्ष दंडाकडे गेलं. "पण काय हो, देवीची बाही मला कशी काय बसते?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मास्तरांनी दोरीवरच्या धुण्यापासून सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता तिने सुई तुरपाईत टोचून ठेवली. नंतर ती हसायला लागली. इतकी हसली, की दम लागला, आणि दम लागल्यावर पुन्हा पाणी प्यायली.

"म्हणजे दर गुरुवारी मी तिथे जाऊन स्वतःच्याच पाया पडत होते!"

"पाय नाहीत गं. फक्त हात तुझे."

"आणि त्या हातांना घालायला एक धड ब्लाऊज नाही! शिंप्याची बायको आणि पाठीला पिना!"

"उद्या न..." मास्तर बोलून गेले आणि थांबले. वाक्य अर्ध्यावर थांबवायची त्यांची ही पहिलीच वेळ.

कारण हेच उत्तर त्यांनी तिलाही दिलं होतं. एकदा नव्हे. पावसाळ्यापासून ती म्हणत होती, "सारखी तहान लागते, पायात गोळे येतात, माझ्याबरोबर एकदा दवाखान्यात चला." आणि मास्तर म्हणत होते, "उद्या नक्की." यात त्यांना बायकोची काळजी नव्हती असं मुळीच नाही. अडचण वेगळीच होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचं जांभळं कापड त्यांच्याकडे होतं. भाचीच्या लग्नात घालायला म्हणून दिलेलं. भाचीचा मुलगा आता चालायला लागला होता. कोणत्या तोंडाने जाणार?

"चल," मास्तर म्हणाले.

"कुठे?"

"दवाखान्यात. आत्ता."

"आणि ब्लाऊज? सोमवार?"

"आत्ता म्हटलं ना मी!"

'आत्ता' हा शब्द मास्तरांच्या तोंडून ऐकून बायकोच घाबरली. आपल्याला काहीतरी फार मोठं झालं असणार, असं तिला वाटलं.

दवाखान्यात मास्तर बायकोच्या मागे, वर्तमानपत्राच्या आड बसले. उपयोग झाला नाही. दार उघडून डॉक्टरीणबाईंनी आधी पेपर बघितला, मग पेपराखालच्या खडू लागलेल्या चपला.

"मास्तर! माझा जांभळा..."

"शिवलेला नाही," मास्तर पेपर खाली न करता म्हणाले. "कापलेलासुद्धा नाही."

इतकं स्वच्छ खरं ऐकायची सवय नसल्यामुळे डॉक्टरीणबाई क्षणभर दाराला धरून उभ्या राहिल्या. "या आत," त्या म्हणाल्या. "दोघंही."

आत गेल्यावर मात्र थट्टा संपली. बाईंनी नाडी बघितली, डोळे बघितले, बोटाला सुई टोचून थेंब काढला आणि छोट्या यंत्रावरचा आकडा बघून तो यंत्रासकट मास्तरांपुढे धरला. मास्तरांना आकड्यातलं काही कळत नव्हतं, पण बाईंचा चेहरा कळला.

"कधीपासून होतंय हे?"

"झाले काही महिने," बायको म्हणाली. "मलाच यायला सवड झाली नाही."

मास्तर खुर्चीत चुळबुळले. बायको त्यांना पाठीशी घालत होती, जशी उंबऱ्यावर बसून गिऱ्हाइकांपुढे घालायची. "नाही, बाई," ते म्हणाले. "तिला सवड होती. ती म्हणत होती, चला. मी उद्या नक्की म्हणत होतो."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "साखर आहे, आणि भरपूर वाढली आहे," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला या, बाकीच्या तपासण्या करू. गोळ्या आजपासूनच. जेवणाच्या वेळा, रोज चालणं. सावरेल ती, भरेलही पुन्हा. पण मास्तर, आणखी एक पावसाळा 'उद्या' केलं असतंत ना, तर मी असं सहज बोलत बसले नसते."

मास्तरांनी मान डोलावली. घरी येताना त्यांनी बायकोची पिशवी स्वतः घेतली. ती रिकामी होती, पण घेतली. मंदिरासमोरून जाताना बायको थांबली, आत डोकावली आणि म्हणाली, "दंड खरंच छान आहेत हो तिचे. मी बरी होते दिसायला."

"होतीस काय? आहेस," मास्तर म्हणाले, आणि इतकं बोलून स्वतःच लाजले.

शनिवार तपासण्यांत गेला. रविवारी सकाळी मास्तर मशीनवर बसले. बायकोला वाटलं, देवीचं घेतलं. बघते तर गठ्ठ्याच्या तळातून जांभळं कापड वर आलेलं.

"अहो, सोमवार उद्यावर आला! देवी राहिली की!"

"देवी थांबेल. या बाई आणखी थांबल्या तर गोळ्या कडू देतील."

जांभळा ब्लाऊज संध्याकाळी दवाखान्यात पोचला. डॉक्टरीणबाईंनी तो उलटसुलट करून बघितला, पुढे सैल करता यावा म्हणून आत शिवणीत भरपूर माया ठेवलेली बघितली आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही तर बरे आहात ना?"

परत आल्यावर मास्तर देवीच्या दोन ब्लाऊजांपुढे हताश होऊन बसले. लेसच्या गाठीचा आता उपयोग नव्हता. नजरेचा तर कधीच नव्हता. तेव्हा उंबऱ्यावरून आवाज आला, "गेल्या वर्षीचा उसवा, कागदावर ठेवा, दंडात जरा कमी करा आणि कापा. फर्मा म्हणतात त्याला."

"फर्म्यावर कुणीही कापेल!"

"मग तुम्हालाही जमेल."

मास्तरांनी उसवला. पण चार बाह्यांचं काम ते चार बाह्यांचंच. त्यात मधूनच उठून ते बायकोने गोळी घेतली का ते विचारायला आत जात, आणि तिने मघाशीच घेतली असं सांगितलं, की पाकीट उघडून बघत. सोमवार उजाडला तेव्हा दोन बाह्या लागल्या होत्या आणि दोन टेबलावर होत्या.

मंदिरासमोर पेनांची रांग लागली. गुरुजी घाईघाईने आले, वाकून दुकानात शिरले आणि हात पुढे केला. "ब्लाऊज!"

मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. एकदा उंबऱ्याकडे बघितलं. मग तोच जुना, मनापासूनचा, किंचित दुखावलेला आवाज काढून म्हणाले, "उद्या नक्की."

गुरुजी वाकलेलेच राहिले. बाहेर उभ्या असलेल्या वकिलीणबाईंनी मात्र ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या मास्तरांवर खूश झाल्या. "देवीलासुद्धा!" त्या रांगेतल्या बायकांना म्हणाल्या. "आता कशी बरोबरी झाली." आपल्यावरच अन्याय होतो ही गल्लीतल्या बायकांची कितीतरी वर्षांची टोचणी त्या सकाळी निम्मी झाली.

गुरुजी चिडून विश्वस्तांना सांगायला निघाले होते. पण बायकोने त्यांना थांबवून दवाखान्याचं सगळं सांगितलं. दंडाचं मात्र सांगितलं नाही. ते नवराबायकोतच राहिलं. गुरुजी थोडा वेळ चपला शोधल्यासारखं करत उभे राहिले आणि म्हणाले, "असं होय. मग आजचा दिवस पिवळाच घालू. पोरांचं लक्ष पेनाकडे असतं, ब्लाऊजकडे कोण बघतंय? द्या इकडे पिवळा."

"तो उसवलाय," मास्तर म्हणाले.

त्यामुळे पहिल्या पेपरला सरस्वती शाल पांघरून बसली. पेपर नेहमीइतकाच अवघड निघाला. मंगळवारी सकाळी पडदा ओढला गेला, आणि गुरुजी आतून ओरडले, "लागले! चारही!" विश्वस्तांनी बुटीकवालीचं नाव पुन्हा काढलं नाही. फर्मा मास्तरांनी घडी घालून गादीखाली ठेवला. माप नजरेत आहे, असं ते अजूनही सांगतात.

लेसचा तुकडा मात्र खिशातच असतो. आता वर्षातून एकदा नव्हे, दर रविवारी चहाच्या वेळी तो बाहेर निघतो. फेरफटका मारून आलेली बायको न सांगता हात पुढे करते. नवा निळा ब्लाऊज अंगावर असतो, एकही पिन न लावलेला. मास्तर लेस दंडाभोवती गुंडाळतात आणि गेल्या रविवारची गाठ कुठे येते ते डोळे बारीक करून बघतात. ती दोऱ्याएवढी जरी पुढे सरकलेली दिसली, तरी दुकानाच्या दारात येऊन समोरच्या पायऱ्या झाडणाऱ्या गुरुजींना मोठ्याने ओरडून सांगतात,

"गुरुजी, देवी जरा भरली बरं का!"

आणि गुरुजी आता संगमरवराचं नावसुद्धा काढत नाहीत. झाडू काखेत धरून म्हणतात, "भरू द्या, मास्तर. माया जास्त ठेवा."